शिळ्या उसातला कारखाना

तोडलेला ऊस गव्हाणीत पडायला उशीर झाला, की साखर कारखान्याचा शेतकी विभाग आणि प्रयोगशाळा दोघांच्याही जिवाला घोर लागतो. कोयत्याचा घाव बसलेल्या टोकातून ल्युकोनोस्टॉक मेसेन्टेरॉइड्स नावाचा जिवाणू कांड्यात शिरतो आणि रसातल्या साखरेला भिडतो. साखरेच्या प्रत्येक रेणूचे तो दोन तुकडे करतो. फ्रुक्टोजवर स्वतःचा उदरनिर्वाह चालवतो आणि ग्लुकोजची एक एक कडी जोडत डेक्स्ट्रान नावाचा लांबलचक, बुळबुळीत पदार्थ तयार करतो. हा डेक्स्ट्रान रसात उतरला की रस दाट होतो, गाळण मंदावते, पॅनमध्ये साखरेचा दाणा लांबुडका बसतो आणि साखर मोजायच्या पोलरीमीटरवर ती आहे त्याहून जास्त दिसते. प्रकाशा, शहादा, तळोदा या तापीकाठच्या पट्ट्यात हंगामाच्या शेवटी ऊन तापू लागते, तेव्हा शिळ्या उसाचे हे नुकसान आणखी वाढते. हाच डेक्स्ट्रान शुद्ध करून ठरावीक लांबीचा केला, की रक्तस्राव झालेल्या रुग्णाच्या शिरेतून देण्याच्या द्रावणात वापरतात, आणि लोहाशी बांधून रक्तक्षयावरच्या इंजेक्शनात. फडात जो जिवाणू शेतकऱ्याचा पैसा खातो, तोच औषध कंपनीच्या टाकीत ठेवला तर पैसा मिळवून देतो. दोन्हीकडे जिवाणू तोच, साखर तीच. फरक पडतो तो त्याला काय खायला द्यायचे, किती वेळ द्यायचा आणि त्याने केलेला माल कसा वेगळा काढायचा, हे कुणाच्या हातात आहे त्याने.

अख्खी जिवंत पेशी रासायनिक कारखान्यासारखी वापरायची, ही कल्पना आता प्रयोगशाळेपुरती राहिलेली नाही. ई. कोलाय हा जिवाणू लांबीला एका मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाएवढा असतो, आणि चांगले खाद्य मिळाले तर वीस मिनिटांत दुप्पट होतो. त्याच्या आत शेकडो विकरे एकाच वेळी काम करतात. एकाने केलेला पदार्थ दुसरे उचलते, दुसऱ्याचा तिसरे. यांतले एकच विकर वेगळे काढून शुद्ध करून वापरता येते, पण शुद्धीकरण महाग पडते आणि बाहेर काढलेले विकर लवकर निकामी होते. शिवाय पुष्कळ विकरांना सोबत एक सहकारी रेणू लागतो. एनएडीपीएच हा त्यांतला एक. तो प्रत्येक क्रियेत खर्च होतो आणि बाहेरून विकत घालायचा म्हटले तर मालापेक्षा तोच महाग ठरतो. जिवंत पेशी साखर जाळून तो स्वतःच पुन्हा भरून काढते. म्हणून जिथे क्रिया एका टप्प्याची नसते, जिथे सहकारी रेणू सतत लागतो, तिथे अख्खी पेशी परवडते. तिच्या अडचणीही आहेत. पेशीचे आवरण कच्चा माल आत घेताना किंवा पक्का माल बाहेर सोडताना आडवे येते, तयार झालेला पदार्थ पेशीलाच विषारी ठरू शकतो, आणि साखरेचा एक वाटा पेशी स्वतःच्या वाढीसाठी ठेवून घेते.

हे सारे कसे फळाला येते याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण जपानमध्ये आहे. अ‍ॅक्रिलअमाइड हे रसायन पूर्वी तांब्याच्या उत्प्रेरकावर, भरपूर उष्णता देऊन बनवत. मग त्यातले तांबे आणि जोडउत्पादने काढत बसावे लागे. क्योतो विद्यापीठात हिदेआकी यामादा आणि सहकाऱ्यांना हेच काम करणारे जिवाणू सापडले. निट्टो केमिकल या कंपनीने १९८५मध्ये असा पहिला जिवाणू आणि १९९१मध्ये ऱ्होडोकॉकस ऱ्होडोक्रस जे-१ हा सर्वांत ताकदवान जिवाणू कारखान्यात आणला. कोबाल्ट आणि युरिया दिला की या जिवाणूतल्या विद्राव्य प्रथिनांपैकी जवळजवळ निम्मी एकट्या त्या विकराचीच होतात. क्रिया थंड पाण्यात चालते आणि जवळपास सगळा कच्चा माल मालात उतरतो. या अ‍ॅक्रिलअमाइडपासून बनणारे पॉलिअ‍ॅक्रिलअमाइड गढूळ पाणी निवळायला लागते, आणि उसाचा रस निवळताना साखर कारखान्यात जे फ्लॉक्युलंट घालतात तेही याच कुळातले. म्हणजे जिवाणूंनी केलेल्या रसायनाशी ऊसपट्ट्याचा संबंध आजही आहे, फक्त तो गिऱ्हाईक म्हणून.

महाराष्ट्रालाही हा विषय नवा नाही. पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने उभी राहिली. पेनिसिलीनपासून अ‍ॅम्पिसिलीन, अ‍ॅमॉक्सिसिलीन करायचे तर आधी त्याची एक बाजू कापून ६-एपीए नावाचा गाभा मिळवावा लागतो. रासायनिक पद्धतीत हे काम उणे ४० अंशांच्या आसपास, पाण्याचा अंश न लागू देता, फॉस्फरस पेंटाक्लोराइड आणि क्लोरीनयुक्त द्रावकांत करत. ई. कोलायमधले पेनिसिलीन असायलेज हे विकर तेच काम साध्या पाण्यात, शरीराच्या तापमानाला करते. पिंपरीच्या आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या संशोधकांनी या विकरावर वर्षानुवर्षे काम केले. पुढे स्वस्त चिनी मालापुढे देशातले पेनिसिलीनचे उत्पादन कोसळले आणि आपण आयातीवर विसंबलो. त्याचे खापर विज्ञानावर फोडता येणार नाही. जिवाणू सुधारण्याचे काम सलग, दरवर्षी, दशकानुदशके करावे लागते, आणि ते थांबले की जुन्या जिवाणूवर चालणारा कारखाना स्पर्धेतून बाहेर पडतो. हा धडा ऊसपट्ट्याने मनावर घ्यायला हवा, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे.

प्रकाशा हे तापी आणि गोमाई यांच्या संगमावरचे गाव. दक्षिण काशी म्हणून त्याची ओळख आहे, आणि १९५५मध्ये बी. के. थापर यांनी इथे केलेल्या उत्खननात ताम्रपाषाण काळापासूनची वस्ती उघड झाली. आजच्या घडीला नदीवर बॅरेज आहे, आजूबाजूला ऊस, केळी, पपई, कापूस आहे, आणि जवळच पुरुषोत्तमनगरला सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखाना. पुढे पश्चिमेला नवापूर तालुक्यात डोकाऱ्याला आदिवासी सहकारी कारखाना आहे. साखर आहे, पाणी आहे, आणि मळीसारखा वर्षभर साठवता येणारा कच्चा माल आहे. गाळलेल्या टनामागे साधारण ४० ते ४५ किलो मळी निघते आणि तिच्यात निम्म्याच्या आसपास साखर असते. आज या साखरेची वाट बहुतेक ठिकाणी एकच, इथेनॉल. इथेनॉलने अनेक कारखान्यांना तारले, हे मान्य केलेच पाहिजे. पण रसायनशास्त्राच्या हिशेबात तो साखरेचा सर्वांत काटकसरीचा उपयोग नाही. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून जास्तीत जास्त ९२ ग्रॅम इथेनॉल मिळते. उरलेले ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातात. त्याच १८० ग्रॅम ग्लुकोजपासून लॅक्टिक आम्ल करायचे म्हटले, तर कागदावर पूर्ण १८० ग्रॅम मिळू शकते. साखरेत ऑक्सिजन आधीच भरपूर असतो. ज्या रसायनात तो तसाच राहतो ते करताना नासाडी कमी होते, आणि इंधनासाठी तो बाहेर काढावा लागतो तेव्हा साखर जाळावी लागते. त्यात धोरणाचीही टांगती तलवार आहे. डिसेंबर २०२३मध्ये केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले, तेव्हा हंगाम सुरू होता आणि ठिकठिकाणी डिस्टिलऱ्यांत पैसा आधीच गुंतलेला होता.

म्हणून तापीकाठी इथेनॉलच्या पलीकडचा उद्योग हवा, असे म्हणणारे पुष्कळ भेटतील. माझे म्हणणे त्याहून अरुंद आहे: पहिला पैसा लोखंडात घालू नये, जिवाणूत घालावा, आणि तो जिवाणू आपल्या मळीवर घडवावा. या आग्रहाचे कारण पेशीच्या आतच आहे. जगातले बरेच गाजलेले जिवाणू मक्याच्या ग्लुकोजवर वाढवलेले आहेत. ड्युपाँट आणि जेनेनकोर यांनी ई. कोलायमध्ये यीस्ट आणि क्लेबसिएला यांची जनुके घालून प्रोपेनडायॉल बनवणारा जिवाणू उभा केला. २००६मध्ये अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात लाउडन इथे त्याचा कारखाना निघाला, पण तोही मक्याच्या साखरेवर. प्रयोगशाळांत सर्रास वापरला जाणारा ई. कोलाय के-१२ तर उसाची साखर, म्हणजे सुक्रोज, खातच नाही. ई. कोलाय डब्ल्यू या दुसऱ्या वाणात ती खाण्याची जनुके असतात; ती दुसरीकडे नेता येतात, पण त्यासाठी वेगळे काम करावे लागते. परदेशातून तयार वाण परवान्यावर आणून मळीच्या टाकीत सोडला, तर तो उपाशी राहील किंवा अर्धपोटी काम करेल.

हा मुद्दा लायसिनवरून आणखी नीट दिसतो. नवापूर हे कुक्कुटपालनाचे मोठे केंद्र; २००६मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू तिथेच निघाला होता, म्हणून नाव सगळ्यांना ठाऊक झाले. कोंबडीच्या खाद्यातल्या मक्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी पडते, म्हणून ते वरून घालावे लागते. जगात वर्षाला वीस लाख टनांहून अधिक लायसिन तयार होते, ते जवळजवळ सगळे जिवाणूंकडून, आणि भारतात ते मुख्यतः आयात होते. कोरिनेबॅक्टेरियम ग्लुटामिकम हा त्यातला मुख्य कारागीर. शुकुओ किनोशिता यांना तो १९५६च्या सुमारास जपानच्या क्योवा हाक्को कंपनीत ग्लुटामेटच्या शोधात सापडला. हा जिवाणू सुक्रोज खातो. पण खाण्यातही खोच आहे. सुक्रोजमधला ग्लुकोजचा अर्धा भाग ज्या वाटेने जातो, तिथे एनएडीपीएच भरपूर मिळते. फ्रुक्टोजचा अर्धा भाग बहुतेक त्या वाटेला बगल देऊन पुढे जातो. एका लायसिन रेणूला चार एनएडीपीएच लागतात, त्यामुळे फ्रुक्टोजच्या बाजूने लायसिन कमी पडते. जर्मनीत ख्रिस्तोफ विटमन आणि सहकाऱ्यांनी २००५मध्ये दाखवले की फ्रुक्टोज बिसफॉस्फटेज या एका विकराचे प्रमाण वाढवले, की साखर मागे वळून त्या पहिल्या वाटेला लागते आणि उत्पादन वाढते. उसाच्या साखरेसाठी अशी दुरुस्ती मोलाची आहे, मक्याच्या ग्लुकोजवर चालणाऱ्या कारखान्याला तिची तेवढी गरज पडत नाही.

मळीत फक्त साखर नसते. पोटॅशियम, गंधक, रंगद्रव्ये आणि बायोटिन हे जीवनसत्त्वही असते. बायोटिन जास्त झाले की कोरिनेबॅक्टेरियमचे आवरण घट्ट राहते आणि ग्लुटामेट आतच अडकते. उसाच्या मळीवर काम करणाऱ्यांनी यावर तोडगा काढला तो टाकीत योग्य वेळी पेनिसिलीन घालण्याचा. पेनिसिलीनने आवरण कमकुवत होते आणि माल बाहेर झिरपतो. मळी कारखान्यागणिक बदलते, हंगामाच्या सुरुवातीची आणि शेवटची सारखी नसते, साखर किती टप्प्यांत काढून घेतली त्यावरून ठरणारी बी-हेवी आणि सी-हेवी मळी तर वेगळीच. अशा कच्च्या मालावर टिकणारा जिवाणू दूरच्या शहरातल्या शुद्ध साखरेच्या फ्लास्कमध्ये तयार होत नाही. जिवाणूत किती थोडे बदल पुरतात, याचाही दाखला आहे. क्योवा हाक्कोच्याच संशोधकांनी २००२मध्ये जुन्या, किरणे-रसायने मारून वर्षानुवर्षे सुधारलेल्या वाणातले नेमके तीन बदल उचलले आणि मूळच्या निरोगी जिवाणूत घातले. सत्तावीस तासांत लिटरमागे सुमारे ८० ग्रॅम लायसिन मिळाले. जुन्या वाणांना नको त्या बदलांचे ओझे वाहावे लागत होते, ते गळून पडले. असे काम करायला शेकडो कोटींचा कारखाना लागत नाही. लागते ती चांगली प्रयोगशाळा, सातत्य आणि रोजची खरी मळी.

यावर सर्वांत जड आक्षेप भावाचा आहे, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. कॅनडात सार्निया इथे बायोअँबर कंपनीने ३०,००० टन क्षमतेचा सक्सिनिक आम्लाचा कारखाना काढला आणि २०१८मध्ये दिवाळे निघाले. ब्राझीलच्या उसावर फार्नेसीन बनवून नाव कमावलेली अमायरिस २०२३मध्ये दिवाळखोरीत गेली. फ्रान्समधल्या अमियाँचा लायसिन कारखाना चिनी भावापुढे बंद पडता पडता वाचला, आणि २०२५मध्ये युरोपीय संघाला चिनी लायसिनवर डम्पिंगविरोधी शुल्क लावावे लागले. या कहाण्या मी माझ्या म्हणण्याच्या विरोधात धरत नाही. बायोअँबरने बाजार तयार होण्याआधी लोखंड उभे केले. अमायरिसच्या अडचणींत सूक्ष्मजीवशास्त्राबाहेरची कर्जे आणि धंद्याचे निर्णय होते. अमियाँपाशी विज्ञान उत्तम होते, पण ऊर्जा आणि साखर महाग. निष्कर्ष हाच निघतो, की टनावारी विकायच्या मालात चीनशी समोरासमोर उतरण्याआधी आपल्या मळीवरचा खर्च प्रत्यक्ष मोजून घ्यावा, आणि तो मोजायला लहान टाकी पुरते. लायसिनमध्ये हिशेब बसला नाही, तर त्याच प्रयोगशाळेतून लॅक्टिक आम्ल किंवा औषध कंपन्यांना लागणारे महागडे मध्यवर्ती रसायन हाती घेता येते. एकदा बांधलेल्या मोठ्या कारखान्याला अशी मोकळीक नसते. प्राज इंडस्ट्रीजने ऑक्टोबर २०२४मध्ये जेजुरीला जैवप्लास्टिकचा जो प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला, त्याची क्षमता वर्षाला सुमारे ५५ टन आहे. उत्तर प्रदेशात बलरामपूर चिनी मिल्स हजारो टनांचा कारखाना उभारते आहे. या दोन पावलांतले अंतरच सांगते की मधली पायरी किती महत्त्वाची.

दुसरा आक्षेप नदीचा, आणि प्रकाशाला तो सर्वांत आधी विचारला पाहिजे. संगमावर लोक स्नानाला येतात; खाली उकाई धरण आहे आणि त्याखाली सुरत तापीचेच पाणी पिते. प्रकाशावरून जाणारा बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्ता ज्या अंकलेश्वरला पोहोचतो, ते केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९च्या यादीत देशात सर्वांत प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरले होते, ८८.५० गुणांनी. रसायन उद्योग म्हटले की खानदेशातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर तेच येते, आणि ती भीती रास्त आहे. जिवाणूंची क्रिया पाण्यात आणि कमी उष्णतेत चालते म्हणून ती आपोआप स्वच्छ होत नाही. लॅक्टिक आम्ल जुन्या चुन्याच्या पद्धतीने काढले, तर टनामागे जवळपास टनभर जिप्सम उरते. आसवनीत लिटरभर अल्कोहोलमागे आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश निघतो, हे तर ऊसपट्ट्याला सांगायलाच नको. म्हणून जिवाणू घडवतानाच अट घालावी लागते: तो आम्लात तग धरणारा हवा, म्हणजे चुना कमी लागेल, माल दाट द्रावणात देणारा हवा, म्हणजे उडवायचे पाणी कमी. सांडपाण्याचा प्रश्न कारखान्याच्या शेवटच्या टोकाला सोडवायचा नसतो, तो पेशीच्या आतून सुरू होतो.

जनुके बदललेला जिवाणू नदीत गेला तर, हा प्रश्नही गंभीरपणे घेतला पाहिजे. देशात त्यासाठी पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे १९८९चे नियम आहेत. संस्थेच्या पातळीवरच्या जैवसुरक्षा समितीपासून केंद्रातल्या समितीपर्यंत परवानग्यांची साखळी आहे. टाकीतून बाहेर पडणारा प्रत्येक थेंब तापवून निर्जंतुक करणे, हे कारखान्याचे रोजचे काम असते. उत्पादनासाठी ताणलेला जिवाणू मोकळ्या पाण्यात सहसा टिकत नाही, कारण तिथल्या रानटी जिवाणूंपुढे त्याच्या अंगावरचे जादा काम ओझेच ठरते. आणखी खबरदारी म्हणून तो एखाद्या अमिनो आम्लावाचून वाढूच शकणार नाही, असा करून ठेवता येतो. पण नियम कागदावर असणे आणि पाळले जाणे यात अंतर असते. म्हणून प्रकाशा आणि शहाद्याच्या ग्रामपंचायत-नगरपालिकेला पाण्याचे नमुने स्वतंत्रपणे तपासून घेण्याचा हक्क प्रकल्पाच्या करारातच असावा.

तिसरा प्रश्न कौशल्याचा. मोठ्या टाकीत हवा निर्जंतुक राखणे, फेस आवरणे, आम्लता एका रेषेत ठेवणे हे काम वीज दहा मिनिटे गेली तरी बिघडते. त्याहून वाईट म्हणजे फाज, जिवाणूंवर पडणारा विषाणू. तो एकदा शिरला, की रात्रीतून टाकी पाण्यासारखी होते. हे सांभाळणारी माणसे बाहेरून आणावी लागतील, असे गृहीत धरण्याचे कारण नाही. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातून आणि शहादा-नंदुरबारच्या महाविद्यालयांतून सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली मुले दरवर्षी बाहेर पडतात, आणि बरीचशी नोकरीसाठी पुण्याची किंवा गुजरातची वाट धरतात. सातपुड्यातल्या आदिवासी कुटुंबांना ऊसतोडीसाठी आणि गुजरातेतल्या मजुरीसाठी घर सोडावे लागते, ते वेगळेच. या मुलांना फर्मेंटरवर उभे करायला दोन-तीन वर्षांचे प्रशिक्षण पुरेसे आहे. पण ते प्रशिक्षण देणारी टाकी आधी इथे हवी.

केंद्राने ऑगस्ट २०२४मध्ये जैवनिर्मितीला चालना देणारे बायोई-३ धोरण मंजूर केले आहे, आणि पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेकडे औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. मांजरीची वसंतदादा साखर संस्था कारखान्यांच्याच पैशावर उभी आहे. या तिन्हींना पुरुषोत्तमनगरच्या मळीशी जोडायला नवी संस्था काढावी लागत नाही. एका गाळप हंगामात, नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, दर पंधरवड्याला मळीचे नमुने घेऊन त्यावर संग्रहातले कोरिनेबॅक्टेरियम आणि लॅक्टोबॅसिलसचे वाण वाढवून पाहावेत. कुठला वाण कशात अडखळतो याची नोंद ठेवावी. आणि जनुकांचे काम त्या नोंदीवरून सुरू करावे. एकच गोष्ट आधी लिहून घ्यायला हवी. ज्या मळीवर वाण घडला, त्या मळीच्या सभासदांचा त्या वाणाच्या परवाना-शुल्कात वाटा राहील. उसाच्या भावासाठी ऊसउत्पादक जसा एफआरपी, म्हणजे रास्त व किफायतशीर दर, मागतो, तसा जिवाणूतला हिस्सा त्याने आताच, वाण घडण्याआधी, मागून ठेवावा. नंतर तो कुणी देत नाही.